सोबत कोण आहे?

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मन आणि मेंदूच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, मनाच्या आजारासाठी कुणी दाखल झालं, की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर एक धडधाकट माणूसही दाखल होतं. या दुसऱ्याला भास होत नसतात, त्याच्या नावाचा केसपेपर नसतो, गोळ्या नसतात. पण ते रात्रंदिवस वॉर्डात असतं, तिथंच अंघोळ उरकतं, तिथल्याच दोरीवर कपडे वाळत घालतं. आमच्याकडून हे दुसरं माणूस म्हणजे माझी मावशी. दाखल झाला होता तिचा मुलगा. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते. त्याच्याविषयी लिहायला त्याची हरकत नाही, फक्त नाव नको म्हणाला. "निपाणीत सगळ्यांना माहीतच आहे. पण नाव छापून आलं की लोक नव्याने विचारायला लागतात."

मावशीचं घर निपाणीचं. म्हणजे बाजारहाट मराठीत आणि कचेरीचे कागद कानडीत. काका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. दादा बी.कॉम. होऊन एका पतसंस्थेत लागला आणि वर्ष-दोन वर्षांत त्याची झोप उडाली. आधी वखारीवरून जाताना माणसं आपल्याविषयीच बोलतायत असं त्याला वाटायचं, पुढे माणसं नसतानाही बोलणं ऐकू यायला लागलं. मधल्या काळात बाकीची घरं जे करतात ते सगळं या घरानेही केलं. नारळ उतरवून टाकले, अंगारे झाले, गाणगापूरला जाऊन राहणं झालं. लग्न करून टाका म्हणजे ताळ्यावर येईल, हा सल्लाही भरपूर मिळाला; तेवढा मात्र मावशीने कानाआड केला. मग डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं म्हणून थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. शेवटी दादा घरचं जेवेना. भातात काहीतरी घातलंय म्हणायचा. तेव्हा मात्र काकांनी मला फोन केला आणि मायलेक पुणे-बंगळुरू हायवेवरच्या रात्रीच्या बसने आले. निपाणीहून धारवाड कितीतरी जवळ, आणि तिथेही मुंबई इलाख्याच्या काळापासूनचं मनोरुग्णालय आहे. पण बंगळुरात माझं घर होतं. आपल्याकडे दवाखाना असाच निवडला जातो.

खिडकीपाशी पहिला प्रश्न नाव-गावाचा झाला. दुसरा, "जोतेगे यारु इद्दारे?" सोबत कोण आहे? मी बोलायच्या आत मावशी पुढे झाली आणि अस्सल उत्तर कर्नाटकी हेलात म्हणाली, "ना अदीन्री." मी आहे ना. खिडकीतला माणूस हसला. बंगळुरी कानात ते 'री' फार गमतीशीर लागतं. पुढे वॉर्डातल्या सिस्टरही मावशीला मुद्दाम बोलतं करायच्या, तिचं 'हौद्री' (होय जी) ऐकायला. दादाचं कानडी शाळेपुरतं, माझं रिक्षावाल्यापुरतं. त्यामुळे त्या दवाखान्यात सगळ्यांत जास्त वट मावशीची होती.

निम्हान्सची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते, ती म्हणजे मन आणि मेंदू एकाच आवारात आहेत. ओपीडीच्या आवारात फिटचा रुग्ण भेटतो, डोक्याला पट्टी बांधलेला अपघातातला तरुण भेटतो, अर्धांगवायूने एक बाजू गेलेले आजोबा भेटतात आणि त्यांच्यातच कुणाशीतरी बोलत बसलेला, पण समोर कुणीच नसलेला एखादा माणूसही असतो. बंगळुरातही थट्टेत 'निम्हान्सला जा' म्हणतातच, जसं पुण्यात येरवडा आणि मुंबईकडे ठाणं. तरी मावशीला निपाणीत "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला गेलोय" असं बिनधास्त सांगता आलं. ते खोटंही नव्हतं.

या जागेचा इतिहास १८४७ पासून सांगतात. तेव्हा ते बंगळूर ल्युनॅटिक असायलम होतं. १९२५ मध्ये म्हैसूर सरकारने त्याला मेंटल हॉस्पिटल म्हणायला सुरुवात केली. १९५४ मध्ये केंद्र सरकारने शेजारीच अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था काढली ती शिक्षणासाठी: मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, समाजकार्यकर्ते, सगळे एकाच छपराखाली शिकावेत म्हणून. १९७४ च्या डिसेंबरात म्हैसूरचं जुनं रुग्णालय आणि केंद्राची नवी संस्था एकत्र झाली, तेच निम्हान्स. आता तर संसदेच्या २०१२ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. इतक्या पाट्या बदलल्या, पण मला विचाराल तर खरा बदल पाटीवर कुठेच दिसत नाही. तो त्या खिडकीतल्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

कारण अशी रुग्णालयं मुळात बांधली गेली ती सोबतीला कुणी नसावं म्हणूनच. इंग्रजांनी १८५८ मध्ये आणि पुन्हा १९१२ मध्ये यासाठी कायदे केले. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने माणूस आत जायचा, उंच भिंत, मोठा फाटक, गावाबाहेरची जागा. नातेवाइकाचं काम फाटकापाशी संपायचं. आपल्याकडची चार सरकारी मनोरुग्णालयं याच घडणीतली: नागपूरचं १८६४ सालचं, ठाण्याचं १९०१ सालचं, शिवाय रत्नागिरी आणि येरवडा. चारही मिळून मंजूर खाटा साडेपाच हजारांवर, त्यातल्या २,५४० एकट्या येरवड्यात. तिथल्या डॉक्टर-सिस्टरांना दोष द्यायचा नाहीये मला. माझी एक मैत्रीण नर्सिंगला असताना तिथल्या पोस्टिंगवर होती. ती सांगते, रुग्णांची भीती दोन दिवसांत गेली, पण भेटीच्या वेळी दाराकडे बघत बसणारी माणसं बघायची सवय शेवटपर्यंत झाली नाही. बरं झालेलं माणूस घरी पाठवायचं, तर घर सापडत नाही. दिलेला पत्ता खोटा असतो, किंवा खरा असतो आणि दार उघडत नाही.

ही भिंत आपल्या देशात पहिल्यांदा मोडली ती बंगळुरात नव्हे, अमृतसरमध्ये. फाळणीनंतर लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातले हिंदू-शीख रुग्ण १९५० मध्ये इकडे आणले गेले. तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर. रुग्ण भरमसाट, माणूसबळ तुटपुंजं. त्यांनी सरळ आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितलं, राहा इथं, आपल्या माणसाबरोबर. रोज ते या सगळ्या घोळक्यात बसून बोलायचे. गरजेपोटी केलेली ही सोय उपचारच ठरली. माणसं लवकर सुधारून घरी जायला लागली, आणि घरचे लोक गावात जाऊन सांगायला लागले, की हा आजार आहे, करणी नाही. पुढे वेल्लोरला, बंगळुरूला हीच रीत पक्की झाली. जगातल्या बऱ्याच ठिकाणी मनोरुग्णालयात नातेवाईक फक्त भेटीपुरता येतो. आपल्याकडे तो चटई घेऊन येतो. तशी ही काही फार मोठी कल्पना नाही म्हणा; सिव्हिलमध्ये बाळंतिणीबरोबर आई राहते, सासऱ्यांच्या ऑपरेशनला सून राहते. विद्यासागरांनी एवढंच केलं, की वेड लागलेल्या माणसालाही हा हक्क दिला.

वॉर्डात मावशी दोन दिवसांत रुळली. डबा माझ्याकडून जायचा, पण चहा ती शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईबरोबर घ्यायची. ती बाई होती चिक्कबळ्ळापूरकडची. सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड. त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांचा ताफा. दुपारी नातेवाइकांची बैठक. तिथे समाजकार्याची शिकाऊ मंडळी फळ्यावर गोळ्यांची नावं, त्यांचे त्रास, आजार उलटण्याआधीच्या खुणा लिहायची. झोप कमी होणं ही पहिली खूण, हे मावशीने वहीत लिहून घेतलं. वही म्हणजे काकांच्या वखारीतली जुनी चोपडी, लाल पुठ्ठ्याची; एका बाजूला २०११ सालच्या पोत्यांचा हिशेब आणि उलट्या बाजूने दादाची झोप.

शिकवणाऱ्या रुग्णालयाचा एक ताप असतो. तुमची कहाणी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पहिल्या दिवशी ज्युनियर डॉक्टरने विचारलं, मग सीनियरने, मग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने. मावशी वैतागली. "एकदा लिहून घ्या की, किती वेळा तेच?" मलाही तसंच वाटत होतं. मग एका दुपारी समाजकार्याची एक मल्याळी विद्यार्थिनी कोरा कागद घेऊन आली. वयाने माझ्या मुलीएवढी. तिला हिंदी येत होतं, मावशीचं हिंदी सिनेमापुरतं, म्हणून मध्ये मी. तिला वंशावळ काढायची होती. पुरुष असला की चौकोन, बाई असली की वर्तुळ, वारलेलं असेल तर त्यावर तिरकी रेघ. मावशीचं माहेर झालं: माझी आई, दोन मामा, आजी-आजोबांवर रेघा. मग सासर. काका, त्यांच्या दोन बहिणी.

"यांना भाऊ नव्हता का?"

मावशी गप्प. मग म्हणाली, "होते. थोरले भावजी."

मुलीने काकांच्या चौकोनाच्या डावीकडे एक चौकोन काढला. पेन तिरकं धरून विचारलं, "वारले?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली.

मला वाटलं मीच ऐकायला चुकले. निपाणीच्या त्या घरात माझ्या कितीतरी मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्यात. थोरले भावजी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मावशीने मग खाली बघत सांगितलं. तिच्या लग्नाआधीची गोष्ट. थोरल्यांना असंच व्हायचं. सासऱ्यांनी त्यांना एका मनोरुग्णालयात नेऊन सोडलं आणि रजिस्टरात पत्ता भलत्याच गावचा लिहिला. धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती. मावशी लग्न होऊन आली तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटोही नव्हता. तिलाही हे सासूने फार नंतर, स्वतःच्या आजारपणात सांगितलं. काकांनी पुढे कधीतरी चौकशी केली असेल-नसेल, ते बोलत नाहीत.

मी हे सगळं हिंदीत सांगितलं की नाही, कसं सांगितलं, मला आठवत नाही. मुलीने चौकोनावर रेघ मारली नाही. आत एक प्रश्नचिन्ह काढलं आणि अर्धा चौकोन पेनाने काळा केला. आजार असलेल्या माणसाचा चौकोन असा भरतात, असं तिने नंतर सांगितलं. डॉक्टरांच्या दृष्टीने ती माहिती कामाची होती, दादाच्या या आजाराचा, स्किझोफ्रेनियाचा, धागा घराण्यात असू शकतो. पण पहिल्या तीन वेळा विचारूनही "घराण्यात कुणाला असं?" याचं उत्तर 'नाही' असंच लिहिलं गेलं होतं. शिकाऊ मुलीने चौथ्यांदा, कागदावर चित्र काढत विचारलं तेव्हा ते बाहेर आलं. तेव्हापासून माझी शिकाऊ डॉक्टरांबद्दलची तक्रार बंद आहे.

आता, घरचं माणूस सोबत असलं म्हणजे सगळं गोड, असं मी म्हणणार असेन तर दादाच मला हसेल. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाच्या लक्षात आलं, की रुग्णालयातून सुटून आईबापांकडे किंवा नवरा-बायकोकडे परतलेली माणसं भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. त्यातून पुढे मोठं संशोधन उभं राहिलं. घरात टोचून बोलणं, राग, किंवा उलट जिवापाड गुंतून पडणं जितकं जास्त, तितका आजार उलटण्याचा धोका जास्त. ऐंशीच्या दशकात चंडीगढला डॉ. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजलं, तेव्हा तिथल्या नातेवाइकांत असं टोचणारे लोक लंडनपेक्षा बरेच कमी निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नऊ देशांतल्या अभ्यासात भारताचं केंद्र आग्र्याला होतं. त्यातही दोन वर्षांनंतर आपल्याकडचे रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे आढळले होते. त्या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, आणि 'आमची कुटुंबव्यवस्था महान' असं म्हणायला तो सर्रास वापरला गेला हेही खरं. मला तो फळ्यापाशी बसलेल्या मावशीसाठी आठवतो. मावशी वाईट नव्हती, पण तिची जीभ निपाणीची. "शेजारचा बघ, तुझ्याबरोबरचा, दोन मजले चढवले." "एवढा घोडा झालाय, ताट उचलून ठेवायला काय होतं?" हे प्रेमच होतं तिचं, आमच्या घराण्यात असंच करतात. बैठकीत तिला सांगितलं गेलं, ताट उचलायचा कंटाळा हा आळस नाही, तो आजाराचाच भाग आहे. ऐकू येणारे आवाज जातात, पण ही मरगळ मागे राहते. मावशी हे मनापासून ऐकून घ्यायची, आणि संध्याकाळी पुन्हा ताटावरून बोलायची. मग समोरची चिक्कबळ्ळापूरची बाई तिच्याकडे बघून नुसतं बोट ओठावर ठेवायची. डॉक्टरांनी जे काम सांगून झालं नाही ते त्या बाईने केलं. दोघींना एकमेकींची भाषा धड कळत नव्हती.

सोबत हा शब्द आपण सहज वापरतो, पण ती करतं कोण, हेही बघायला हवं. वॉर्डात मी जे पाहिलं ते असं: नवरा आजारी असला तर सोबत बायको, मुलगा आजारी असला तर आई, आणि बायको आजारी असली तर... तिचीही आईच. नवरा पहिल्या दिवशी सही करायला असतो, मग रविवारी येतो, मग फोन करतो. सगळेच असे नव्हते. हासनकडचा एक शेतकरी बायकोच्या केसांना रोज सकाळी तेल लावून वेणी घालायचा आणि अख्खा वॉर्ड कौतुकाने बघायचा, पण कौतुक वाटावं इतकं ते दुर्मीळ होतं. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि लग्न मोडलेल्या बायकांचा अभ्यास केला होता. त्यांना सांभाळणारे बहुतेक म्हातारे आईबाप होते आणि नवऱ्याकडून पोटगी वगैरे जवळपास नव्हतीच. शिवाय रोजंदारीवरच्या माणसाने सोबत राहायचं म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. रुग्णालयात गरिबांना उपचार स्वस्त किंवा फुकट मिळतात, पण बुडालेल्या मजुरीची पावती कुठे निघत नाही. आमच्या मावशीला स्वतःची शुगर. तिकडे घरात काका एकटे, चहाशिवाय काही न येणारे. त्या दिवसांत काका शेजारणीकडून भाकरी थापायला शिकले. दादाच्या आजारात घराच्या वाट्याला आलेला एवढाच फायदा, असं मावशी म्हणते.

ज्यांच्या सोबत कुणीच नाही, ते निम्हान्समध्येही आहेत. पोलिसांनी रस्त्यावरून आणलेले, कुठल्या राज्याचे हेही न कळणारे. त्यांच्यासाठी बंद वॉर्ड असतात. दारावरून जाताना दादा पावलं भरभर टाकायचा.

मावशीला डॉक्टरांशी बोलायचं होतं त्या एका दिवशी मी दादाला घेऊन तिथलं मेंदूचं संग्रहालय बघायला गेले. निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे, डॉ. एस. के. शंकर यांनी उभी केलेली. नातेवाइकांनी दान दिलेले मेंदू तिथे संशोधनासाठी जतन केले जातात. संग्रहालयात बरण्यांमधून मेंदू मांडलेले. शेवटी हातमोजे देऊन एक खरा मेंदू हातात घ्यायला देतात. साधारण सव्वा-दीड किलो वजन, फॉर्मलिनने घट्ट झालेला, बोटांना रबरासारखा गार. दादाने तो दोन्ही हातांवर घेतला, वळ्यांवरून अंगठा फिरवला आणि दाखवणाऱ्या मुलाला इंग्रजीत विचारलं, "यात आवाज कुठून येतात?" मुलगा प्रामाणिक होता. बरण्यांकडे हात करून म्हणाला, ही गाठ दिसते, हा रक्तस्राव दिसतो, ह्या पट्टकृमीच्या गाठी, हा अल्झायमरने आक्रसलेला. तुम्ही विचारता तो आजार असा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठीच तर पेढी आहे. दादाला त्या उत्तराने का कोण जाणे, फार बरं वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हणजे त्यांनाही शोधायचंच आहे अजून." तिथून आम्ही आवारातल्या रुग्णांच्या बेकरीतला बन घेतला. त्याने अर्धा खाल्ला. भातात विष दिसणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या हातचा बन खाल्ला, हे मी संध्याकाळी फोनवर काकांना दोनदा सांगितलं.

त्याला क्लोझापीन सुरू केलं. आधीच्या दोन औषधांनी न भागलेल्यांना हे देतात. औषध गुणी, पण शंभरात एखाद्याच्या पांढऱ्या पेशी धोकादायक उतरवणारं, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. हे सगळं निपाणीत करायचं होतं. दर सोमवारी लॅबमध्ये रक्त, रिपोर्टचा फोटो मला, मी तो ओपीडीत दाखवायचा किंवा कळवायचा. या औषधाने झोपेत लाळ गळते. मावशीने रोज सकाळी उशीचा अभ्रा बदलण्याचं काम अंगावर घेतलं आणि (हे ती अभिमानाने सांगते) त्यावर एकदाही टोमणा मारला नाही.

इतका खटाटोप करायला घरात एक मावशी, बंगळुरात एक भाची आणि गावात एक लॅब लागते. सगळ्यांकडे ते नसतं. निम्हान्सच्याच पुढाकाराने झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत असं दिसलं. याची जाण त्या संस्थेला पूर्वीच आली होती. ऐंशीच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना चार-दोन औषधं वापरायला शिकवून पाहिलं, आणि १९९६ पासून तोच नमुना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून देशभर गेला. आता १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीतही कुणीतरी बोलतं. हे सगळं चांगलंच आहे. पण ठाण्याचं जुनं रुग्णालय पाडून नवं उभारायच्या बातम्यांत 'निम्हान्सच्या धर्तीवर' हे शब्द आले, की मी मजले आणि खाटांचे आकडे वाचत नाही. नातेवाईक रात्री कुठे झोपणार, त्याला अंघोळीला जागा आहे का, त्याचा बुडालेला रोज कोण देणार, हे त्या बातमीत शोधते. अजून तरी सापडलेलं नाही.

आणि सोबत कुणीच नसलं तर काय होतं, हेही तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलंय. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या खासगी छपरांखाली घरच्यांनी पैसे देऊन ठेवलेली माणसं, साखळ्यांनी बांधलेली. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा २८ जण गेले. साखळी सोडायला कुणी नव्हतं. गाणगापूरला मी मावशीच्या घरच्यांबरोबर एकदा गेले होते. दुपारच्या आरतीला खांबांना लटकणाऱ्या बायका बघून हादरलेही होते. पण तिथे प्रत्येकीचं पातळ सावरायला, पाणी पाजायला कुणीतरी जवळ होतं. देवावर माझा विश्वास किती ते सोडून द्या; पण दूर नेऊन सोडणं आणि जवळ घेऊन बसणं, एवढा फरक मला श्रद्धेच्या ठिकाणीही करावासा वाटतो, दवाखान्यातही.

दादाला घरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो तालुक्याच्या एका दुकानात अर्धा वेळ हिशेब लिहितो. आवाज पुरते गेले नाहीत. "टीव्ही शेजारच्या घरी चालू असतो तसं," म्हणतो. मावशीचं वय झालंय, आणि मागच्या फेरीला डॉक्टरांनी तिला तो प्रश्न विचारला जो सगळ्या आया टाळत असतात: तुमच्यानंतर? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात याची एक सोय आहे. रुग्ण साध्या कागदावर लिहून, सही करून स्वतःचा प्रतिनिधी नेमू शकतो. आणि पुढे कधी डोकं ठिकाणावर नसलं तर आपल्याला कसं वागवावं, कसं वागवू नये, हेही आधी लिहून ठेवू शकतो. दादाने दोन्ही लिहिलं. प्रतिनिधी म्हणून माझं नाव. मला न विचारताच.

दुसऱ्या कागदावर त्याने हिशेबाच्या वळणदार अक्षरात अटी घातल्यात. ह्याच रुग्णालयात न्यावं. बंद वॉर्डात ठेवावं लागलं तर रोज कुणीतरी भेटायला यावं. गाणगापूर चालेल, पण आधी गोळ्या. केस कापू नयेत. ताटावरून बोलू नये. पाचव्या अटीला कायद्याचा आधार नाही असं मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू प्रतिनिधी आहेस ना? तू बघ."